बदकपाय्या

आमच्या बाबांचं खेळण्यांवर प्रेम होतं असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. बाबांचं प्रेम होतं ते खपणाऱ्या मालावर. पोरांच्या तोंडी सध्या कोण आहे हे त्यांना वर्तमानपत्राच्या आधी कळायचं. शाळा सुटायच्या वेळी ते फाटकासमोर सायकलची चेन बसवण्याचं सोंग करत वाकून उभे राहायचे आणि पोरं एकमेकांना कुठल्या नावाने हाका मारतायत ते कान देऊन ऐकायचे. सिनेमातल्या मुखवटेवाल्या घोडेस्वाराने थिएटरं भरली, तेव्हा आमच्याकडेही एक मुखवटेवाला घोडेस्वार तयार झाला. फक्त मुखवट्याचा रंग निराळा. उद्या कुणी कॉलर धरायला आलंच तर ‘त्याचा काळा, आमचा जांभळा’ म्हणून हात झटकता यायला हवेत ना. हॉस्पिटलातली मालिका घरोघरी टीव्हीवर लागायला लागली, तशा आमच्या सगळ्या बाहुल्या आठवड्याभरात नर्स झाल्या. बाहुली तीच, टोपी नवी.

आम्ही त्याला कारखाना म्हणायचो, पण तो शब्द जरा मोठाच झाला. घरामागची लांबट खोली, हाताने ओढायचा एक प्रेस, रंगाचे डबे आणि दोन भाऊ. पत्रा यायचा तो बिस्किटांच्या टाकून दिलेल्या डब्यांचा. आजही त्या काळातलं आमचं खेळणं उघडलं, की आतल्या बाजूला अर्धं बिस्कीट आणि कुण्या हसऱ्या मुलीचा एक डोळा दिसतो. रंग आणि बाजार बाबांकडे, आतलं यंत्र काकांकडे. बाबा बोलायचे, काका करायचे. लोक म्हणायचे, एकाला जीभ दिली आणि दुसऱ्याला हात दिले, वाटणी बरोबर झाली.

मी तान्ही असताना काकू गेली. लग्नाला फार काळ झाला नव्हता. काका भिंतीकडे तोंड करून पडले ते उठेचनात. दाढी वाढली, अंगावरचे कपडे ढगळे झाले. घरात सगळ्यांनी समजावून पाहिलं आणि हात टेकले. मग एके दिवशी ते आपणहून उठले, मागच्या खोलीत गेले आणि पत्रा कापायला बसले. त्यांच्या डोक्यात पाणबुड्या होता. काचेच्या खिडकीचं गोल शिरस्त्राण, पाठीवर नळकांडी, पायात बदकासारखे पंजे. चावी दिली की पाय खालीवर हलणार आणि तो खरोखर पोहणार. पत्र्याचं खेळणं आणि पाण्यात पोहणार, हे तेव्हा आमच्या धंद्यात कुणी केलेलं नव्हतं. सांध्यांना डाख देऊन काकांनी त्याला पाणी शिरणार नाही असा केला आणि अंगणातल्या टाकीत सोडला. तो पोहला. काका हसले. आई म्हणते, कितीतरी महिन्यांनी त्या घरात कुणी हसलं होतं.

खोली भरेल इतके पाणबुडे तयार झाले. पिवळं डोकं, हिरवं अंग. आणि ते बाजारात जायच्या आतच बाबांनी ते सगळेच्या सगळे चंदेरी रंगवून टाकले.

त्या वर्षी माणूस चंद्रावर उतरला होता ना. पोरांच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. पाण्याखालच्या माणसाला कोण विचारतो, म्हणून बाबांनी त्याला उचलला आणि थेट चंद्रावर ठेवला. शिरस्त्राण होतंच, नळकांडी होतीच. अडचण फक्त पायांची होती. पंजे कापले तर आतलं यंत्र उघडं पडत होतं, म्हणून पंजे तसेच राहिले आणि खोक्यावर छापलं गेलं, ‘चंद्रावरच्या मऊ धुळीत न रुतणारे पाय’. पाठीला एक कडी लावली, कडीला दोरा. छताला टांगून चावी दिली की तो पाय हलवत तरंगायचा. हातोहात खपला. लोकांनीच त्याचं नाव ठेवलं बदकपाय्या. आमच्या भागातल्या पोरांची एक अख्खी पिढी अंतराळवीर काढायची ती बदकाचे पंजे असलेला, आणि चित्रकलेच्या बाईंनाही त्यात काही चूक वाटत नसे.

काकांनी ती चंदेरी रांग बघितली आणि त्याच दिवशी कारखाना सोडला. ‘मी पाण्यासाठी केला होता,’ एवढंच म्हणाले. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत नोकरी धरली, शहराच्या दुसऱ्या टोकाला खोली घेतली आणि पुन्हा कधी सख्ख्या भावाच्या घराची पायरी चढले नाहीत. बाबा गेले त्या दिवशी आले, पण फाटकाबाहेर उभे राहिले आणि तिथूनच परत गेले.

मी जुनी खेळणी दुरुस्त करते. बाबांचा धंदा प्लॅस्टिकने बुडवला, माझा धंदा लोकांच्या हळहळीवर चालतो. पन्नाशीतला माणूस पत्र्याची आगगाडी छातीशी धरून दुकानात येतो आणि आत काय बिघडलंय हे सांगण्याऐवजी ती कुणी आणून दिली होती ते सांगत बसतो. मी ऐकून घेते आणि मग स्प्रिंग बदलते. हे काम मला काकांनी शिकवलं. घरी येत नसले तरी नोकरीतून मोकळे झाल्यापासून माझ्या दुकानात ते दुपारी येऊन बसायचे. बाबांचा विषय आमच्यात निघत नसे. एकदा मीच काढला, तर म्हणाले, “तुझ्या बापाने मला विचारलं असतं ना, तर मी हो म्हणालो असतो. विचारलं नाही, तेच लागलं.” आणि चिमटा मागून घेतला.

हे सगळं उकरून काढलं ते संग्रहालयाच्या बाईंनी. तरुण, उत्साही, चष्मा कायम डोक्यावर आणि शोध कायम पर्समध्ये. त्यांना जुन्या खेळण्यांचं प्रदर्शन भरवायचं होतं. रेडिओच्या काळातली, सिनेमाच्या काळातली, टीव्हीच्या काळातली. त्या दोन बदकपाय्ये घेऊन आल्या. एक चांगला, काचेच्या कपाटात ठेवण्यासारखा. दुसरा पोचे आलेला, स्प्रिंग तुटलेला.

“खेळण्यात काळ दिसतो बघा,” त्या म्हणाल्या. “लोक कशाने वेडे झाले होते ते दिसतं.”

“उरलेला माल कसा खपवला तेही दिसतं,” मी म्हणाले.

त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग मी कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट दाखवून सांगितलं, की याचं यंत्र ज्यांनी बनवलं ते हे बसलेत. बाईंना काय करू आणि काय नको असं झालं. उद्घाटनाला यायलाच हवं, चार शब्द बोलायला हवेत. काकांनी आधी नुसती मान हलवली. त्या हटेनात तेव्हा त्यांनी तो पोचे आलेला बदकपाय्या उचलून हातात फिरवला.

“याची चांदी खरवडायची,” ते म्हणाले. “खालचा पाणबुड्या काढायचा आणि सगळ्यांसमोर पाण्यात सोडायचा. मग येतो.”

बाई कबूल झाल्या. एक चंद्रावरचा, एक पाण्यातला, शेजारी शेजारी. त्यांच्या दृष्टीने तर दुधात साखरच पडली. काकांनी मला बजावलं, “स्प्रिंग नवी घाल, चालेल. बाकी सगळं मी केलं होतं तसंच. चावीच्या दांडीला मेणाचा दोराच भर. तुझं आजकालचं काही घुसडू नकोस.”

मी चांदी खरवडायला लागले. खालून पिवळं डोकं निघालं, मग हिरवा खांदा. काका रोज येऊन बघायचे, पण हात लावायचे नाहीत. एकदा शिरस्त्राणाच्या खिडकीमागे त्यांनीच रंगवलेले डोळे निघाले, तेव्हा ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मला बाबांचा इतका राग आला होता की काय सांगू. चार पैशांसाठी माणसाच्या हातचं असं कुणी पुसून टाकतं का, असं मी त्या संध्याकाळी घरी आल्यावर आईला म्हणाले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती.

“किती डोकं लावलंय काकांनी,” मी म्हटलं. “चावीची दांडी फिरती असते, तिथून पाणी आत जाणार. म्हणून तिथे मेणात बुडवलेला दोरा गुंडाळून ठासलाय. दांडी फिरते आणि पाणी शिरत नाही.”

“गार पाण्यात,” आई म्हणाली.

“काय?”

“गार पाण्यात शिरत नाही.” तिने घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला. “टाकीतलं पाणी गारच असायचं. पोरं खेळणं घेऊन टाकीत थोडीच बसतात? ती आंघोळीला घेतात. आंघोळीचं पाणी गरम. तुझ्याच आंघोळीत सोडला होता पहिला. जरा वेळ पोहला, मग मेण वितळलं आणि तळाला जाऊन बसला. तू भोकाड पसरलंस.”

मी तिच्या समोर बसले.

“तुझ्या बाबांना वाटलं, हाच एक बिघडलेला असेल. दुसरा सोडला, तिसरा सोडला. सगळे बुडाले. भावजी प्रेसवर होते, आवाजात त्यांना काही कळलं नाही. हे टबाशेजारी उकिडवे बसून राहिले. माल सगळा तयार होता आणि एकूण एक परत आला असता.”

“मग काकांना सांगायचं ना. दुसरं काहीतरी शोधलं असतं त्यांनी.”

“मीही तेच म्हटलं. हे म्हणाले, तो नुकता कुठे उठून बसलाय. त्याचं हे एवढं एक काम आहे. ते फसलं म्हणून सांगितलं तर पुन्हा भिंतीकडे तोंड करेल, आणि या वेळी उठणार नाही. त्यापेक्षा माझ्यावर चिडू दे. चिडलेला माणूस निदान जेवतो तरी. मग चंद्राचं ते सगळं चाललंच होतं. रंग आणला आणि बसले रंगवत.”

“आणि जन्मभर गप्प बसले.”

“त्यांना वाटलं होतं, वर्षभरात राग जाईल, मग सांगू. गेला नाही. पुढे पुढे सांगायला तोंड राहिलं नाही. इतक्या वर्षांनी सांगितलं तर भावजी म्हणाले असते, स्वतःची बाजू सावरतोय. मला शपथ घातली होती. आज मोडली.”

मी आईवर ओरडले नाही, पण ओरडायचं होतं. या घरात सगळ्यांनी एकमेकांचं भलं करायचं ठरवलं आणि त्यात दोन सख्खे भाऊ एकमेकांना पारखे झाले. मला बाबांचा आता निराळाच राग येत होता, आणि त्यातून ते मला समोर हवे होते. मी लहानपणापासून त्यांना लोभी समजत आले. त्यांनी ते समजू दिलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी बाईंचा फोन आला. थंडीचे दिवस होते. टबात पाणी गरम ठेवतेय म्हणाल्या, मुलांनी हात घातले तर काकडायला नकोत. “चालेल ना?” त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, सांगते, आणि फोन ठेवला.

पाणबुड्या टेबलावर उघडा पडला होता. काकांनी सांगितलं होतं तसा मेणाचा दोरा मी तयार करून ठेवला होता. तो भरला असता आणि बाईंना काही कळवलं नसतं, तर मला तोंडसुद्धा उघडावं लागलं नसतं. शेपन्नास लोकांसमोर तो जरा वेळ पोहून तळाला गेला असता. काका हुशार आहेत, मेण आणि गरम पाणी एवढं त्यांना त्याच क्षणी कळलं असतं. आणि मग हळूहळू बाबाही कळले असते. बाबा सुटले असते.

नाहीतर बाईंना गार पाणी ठेवायला सांगायचं. पण मुलांच्या हातात खेळणं जाणार, उद्या कुणीतरी गरम पाण्यात घालणारच.

किंवा मेणाऐवजी रबरी वायसर, गरम पाण्यात न वितळणारी रबराची चकती. माझ्या खणात तसले कितीतरी पडले होते.

मी काकांचा विचार केला. इतक्या वर्षांत त्यांना एकच गोष्ट पक्की ठाऊक होती, की आपण केलेलं काम चोख होतं. बायको गेली, भाऊ जिवंतपणीच तुटला, मूलबाळ नाही, लिफ्टच्या खड्ड्यात उतरून उतरून गुडघे गेले. त्यांच्यापाशी राहिलं होतं ते हे एक. ते काढून घ्यायला माझा हात धजला नाही. बाबांचा तरी कुठे धजला होता? मी वायसर बसवला, वरून दिसावा म्हणून मेणाचा दोरा गुंडाळला आणि बाईंना फोन करून गरम पाणी चालेल म्हणून सांगितलं.

उद्घाटनाला मी आईला घेऊन गेले. काका इस्त्रीचा शर्ट घालून आधीच येऊन उभे होते. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर आले.

“बरे आहात ना भावजी?” आई म्हणाली.

“बरा आहे वहिनी. तुम्ही वाळलात.”

एवढंच झालं. मग बाईंनी त्यांना पुढे नेलं. काकांनी भाषण काही केलं नाही. चावी दिली, वाकले आणि पाणबुड्या पाण्यावर ठेवला. पाण्यातून वाफ निघत होती. त्यांनी बोटं बुडवली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, कळलं. पण ते नुसतेच हसले, पाणी छान कोमट आहे म्हणून. हिरवा पाणबुड्या पाय मारत टबाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेला, कडेला आपटला, वळला आणि परत आला. मुलं एकमेकांना ढकलत पुढे आली. काका चावी देत राहिले, तो पोहत राहिला. लोक टाळ्या वाजवत होते आणि आई पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघत होती. मी तिला काही सांगितलं नव्हतं. सांगायची गरजही नव्हती. तो बुडत नाही म्हटल्यावर मी काय केलं ते तिला कळलंच.

कुणीतरी काकांना विचारलं, मग हा बाजारात आलाच कसा नाही? काकांनी आईकडे बघितलं आणि तोंड सांभाळून म्हणाले, “बाजाराला चंद्र हवा होता.” लोक हसले. माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या.

टॅक्सीत बसताना आईच म्हणाली, “भावजी, घरी चला.” ते आले. पायरीपाशी थबकले, मग कठड्याला धरून चढले. बाहेरच्या खोलीत बाबांचा फोटो आहे. काका खुर्चीत बसले नाहीत, फोटोसमोर जाऊन उभे राहिले. मोठ्या भावापुढे उभं राहावं तसे, हात पाठीमागे घेऊन.

“पोहला रे दादा,” ते म्हणाले. “सगळ्यांनी बघितलं.” मग चष्मा काढून शर्टाला पुसला. “जाऊ दे. तुला धंदा सांभाळायचा होता. झाली चूक. मी माफ केलं तुला.”

त्यांनी हे अगदी मनापासून म्हटलं. माझ्या बाबांना, ज्यांनी भावासाठी जन्मभर लोभी हे नाव पत्करलं, त्यांना त्यांच्याच घरात माफी मिळत होती, आणि ती मीच मिळवून दिली होती. वायसर बसवताना मी काकांना वाचवलं एवढंच मला दिसलं होतं. आज बाबांची सुटका होणार होती, ती मी माझ्या हाताने कायमची बंद केली, हे आत्ता दिसत होतं. ‘काका,’ असं मी म्हणालेही. ते वळले. चेहरा इतका हलका झाला होता, दाढी करून आलेल्या लहान मुलासारखा म्हणावं तर लहान मुलांना दाढी नसते. पण तसंच काहीतरी.

“काय गं?”

आईने माझ्या मनगटाला घट्ट धरलं. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

“काही नाही,” ती माझ्याऐवजी म्हणाली. “बसा ना भावजी. बरं केलंत. त्यांच्या जिवाला फार लागलं होतं ते.”